सुपातले नऊ दाणे

नामांतराच्या ठरावानंतर जाळपोळ झाली, विद्यापीठ बंद पडलं, एसटी थांबली आणि जिंतूरला पदार्थविज्ञान शिकवणारा मी चारठाण्याजवळच्या आमच्या गावी अडकलो. चुंबक तापवत नेला की एका ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्व एकदम का जातं, यावर मला प्रबंध लिहायचा होता. चुंबकात असंख्य कण. कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली. एकेकाचा हिशेब ब्रह्मदेवालाही जमायचा नाही. म्हणून कणांचे लहान लहान गट पाडायचे, गटात ज्यांची संख्या जास्त त्यांचंच तोंड सगळ्या गटाचं मानायचं, मग त्या गटांचे पुन्हा गट. बारीकसारीक गळून जातं, मोठं तेवढं उरतं. या युक्तीवर मी बेहद्द खूश होतो.

एका सकाळी सुपात ज्वारी-तुरीचे नऊ दाणे मांडून मी तीन-तीनचे गट करत बसलो.

"काय करायलास रे?" मायनं विचारलं.

मी दाखवलं. दोन गटांत तूर जास्त, तिसऱ्यात नुसती ज्वारी. म्हणजे तूर जिंकली.

"ज्वारीचे पाच हायेत की! लय शिकलास बाबा."

तिला शास्त्र कळत नाही, म्हणून मी सूप जपून फळीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात गावानं हीच युक्ती पदवीवाचून केली. दलित वस्तीशी येणं-जाणं तोडायचं का, यावर पारावर बैठक बसली. घरातून एकाच पुरुषाचं मत, भावकीतून एकाच कर्त्याचं. आमच्या घरात मी, माय, बायको, वहिनी, सगळे नको म्हणत होतो. घर मात्र थोरल्या दादाच्या तोंडानं हो म्हणालं. मी उठून बोलायला लागलो, तर "सर, तुमच्या घराचं बोलून झालंय," असं म्हणत मला मोठ्या आदरानं खाली बसवलं. गाव एकमुखानं बोललं, असं दादा घरी येऊन सांगत होता.

दोनच दिवसांनी भरदुपारी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि बाळ अडलं. बैलगाडीनं जिंतूर गाठेपर्यंत ती टिकली नसती. सुईण होती ती वस्तीतली. दादालाही तिच्याच सासूनं जगात आणलं होतं. मला प्रबंध, चुंबक, काही आठवेना.

मायनं डोक्यावर पदर घेतला. दादा दारात आडवा झाला.

"माय, गावाचा ठराव हाय."

"मला कुणी इचारलं का? गावात मला धरलंच न्हाई, तर ठराव मला कसा लागंल?"

दादा बाजूला झाला. वस्तीत सुईणीनं मायला आधी घरात बसवलं, आपल्या हातचा चहा पाजला आणि मगच ती उठली. दोघी भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत आल्या.

मुलगी झाली. तिला ठेवायला सुईणीनं सूप मागितलं. फळीवरच्या सुपात माझे गट जसेच्या तसे होते. मायनं ते कोंबड्यांपुढं झटकले आणि नातीला सुपात ठेवलं.