काकूंना ऐकू आलं ते
हँडक्रीमचा वास आला की मला पेंडल हिलच्या काकू आठवतात. मी तेव्हा परदेशात, तिथल्या युनीत म्हणजे विद्यापीठात शिकत होते आणि त्यांच्या घरी भाड्याने राहत होते. आजारपणात काकूंची नजर आणि कान दोन्ही गेले होते, म्हणून त्यांच्या हँडक्रीम लावलेल्या मऊ तळहातावर बोटाने अक्षरं लिहून त्यांची लेक आणि मी त्यांच्याशी बोलायचो. ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लियर इम्प्लांट हे यंत्र बसवून चार महिने झाले, तरी त्यांना नुसती खरखर ऐकू यायची. एका दुपारी त्यांच्याकडून ऐकण्याचा सराव करून घ्यायला बसलेल्या लेकीने विचारलं, "आई, चहा घेतेस?" काकूंना शब्द कळलेच नाहीत. लेक नेहमीसारखी त्यांच्यासमोरच रडू लागली. काकूंनी मान वळवली. "रडतेस का गं? अशी रोज रडायचीस?" लेकीने तळहातावर 'हो' लिहिलं. काकूंनी तिला घट्ट जवळ ओढलं. शब्द त्यांना पुढेही थोडेच कळले. आता पुण्याहून आई फोनवर "मी मजेत आहे" म्हणते, तेव्हा मी तिचा आवाज नीट ऐकते.