बर्फ पडेपर्यंत

व्हर्ना बिगेटीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात, मी खाली तळघरात बॉयलरपाशी. बावीस वर्षांत तिची लापशी कधी करपली नाही. माझा बॉयलर दोनदा बंद पडला, ते तिने मला कधी विसरू दिलं नाही.

लहानपणी तिला सरकारी माणसांनी घरून उचलून वसतिशाळेत नेलं होतं. तिथे आमची क्री भाषा बोललं की तोंडात साबण कोंबत. बालवाडीतही ती मुलांशी इंग्रजीतच बोलायची. मग तिची नात शँटेल त्याच बालवाडीत आली. या पोरीने आपली भाषा शाळेच्या भिंतींत ऐकावी, एवढंच व्हर्नाच्या मनात राहिलं.

जूनमध्ये मुख्य बाई, मिसेस हॉलोवे, स्वयंपाकघरात आल्या. एकवीस तारखेला मूळनिवासी दिन, व्हर्नाने मुलांना आमच्या लोककथांतल्या खोडकर वीसाकेचाकची गोष्ट सांगायची. दारावर तसा कागदही लागला होता. व्हर्ना नाही म्हणाली आणि कांदे चिरत राहिली. बाईंना वाटलं, वसतिशाळेचा जुना राग.

मी म्हटलं, “एवढी चालून आलेली संधी घालवलीस.”

“जमिनीवर बर्फ नसताना त्याच्या गोष्टी सांगतात का रे, इझायस? आईने काही शिकवलं की नाही तुला?”

“मग बाईंना तसं सांग.”

“त्यांनी विचारलं कुठे? सांगितलं.”

मी बाईंना जाऊन बर्फाचं आणि न विचारल्याचं, दोन्ही सांगितलं. त्या लाल झाल्या. कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. विचारायचं कसं, तेही मला विचारलं. दुसऱ्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे व्हर्नाच्या हातात तंबाखूची पुडी ठेवून त्यांनी विचारलं, बर्फ पडल्यावर गोष्ट सांगाल का. व्हर्नाने पुडी घेतली.

उन्हाळाभर ती भांडी घासताना गोष्ट पुटपुटायची. शब्द अडले की मला विचारायची. मलाही आठवले नाहीत की म्हणायची, “तुझी क्री तुझ्या बॉयलरसारखीच.”

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ टिकला. व्हर्नाने एप्रन काढला आणि मुलांत जमिनीवर बसली. पहिलं वाक्य क्रीत म्हणाली, थांबली, दाराकडे पाहिलं. साबण घेऊन कोणी आलं नव्हतं, दारात फावडं घेऊन मीच उभा होतो. मग ती दुसरं वाक्य म्हणाली.

त्या स्वयंपाकघरातल्या पगारातून तिने जे बाजूला टाकलं, ते सगळं शँटेलला बालवाडीची शिक्षिका करण्यात गेलं. आता गोष्ट शँटेल सांगते. जूनमध्ये कोणी मागितली, तर बर्फ पडू द्या म्हणते.