चहा कोणी बंद केला

मी पेणमधल्या एका खासगी इस्पितळात नर्स आहे आणि राहते रोह्याला. पेशंटला घरी सोडताना त्याच्या माणसांना सगळं समजावून सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. नीट सांगितलं की आपलं काम झालं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गडबच्या एक आजी पक्षाघाताने आमच्याकडे आल्या होत्या. उजवा हात हळूहळू हलायला लागला, बोलणंही कळण्याइतकं परत आलं, पण गिळणं मात्र बिघडलेलंच राहिलं. पातळ काही प्यायल्या की ते श्वासनलिकेत उतरायचं. म्हणून पाणी पावडर घालून घट्ट करायचं, जेवण दाट पेजेसारखं, तेही ताठ बसवून, लहान चमच्याने. चहा बंद. सुनेने वॉर्डात माझ्यासमोर चार वेळा भरवून दाखवलं. कमी बोलणारी बाई, पण घाई करत नव्हती. मी निर्धास्तपणे त्यांना घरी पाठवलं.

पंधरा दिवसांच्या आत आजी परत आल्या. अंगात ताप, छातीत घरघर. डॉक्टरांनी न्यूमोनिया झाल्याचं सांगितलं.

"पातळ काही दिलं होतंस का?" मी सुनेला विचारलं.

"मी नाय दिलं," ती म्हणाली आणि आजींची उशी सरळ करू लागली.

या वेळी सोडताना मी डॉक्टरांना विचारलं आणि एकदा घरी जाऊन बघायचं ठरवलं. गडब माझ्या परतीच्या वाटेवरच आहे. ड्यूटी संपल्यावर एसटीतून उतरले आणि विचारत विचारत घर गाठलं.

ओटीवर आजी खुर्चीत बसल्या होत्या. भोवती शेजारच्या तिघी जणी. त्यातल्या वयस्कर बाईने बशीत चहा ओतला होता आणि बशी आजींच्या ओठांशी नेली होती. सून दारात उभी होती.

"थांबा, देऊ नका!" मी म्हणाले.

"घोटभर तर हाय," बशीवाली म्हणाली. "म्हातारीचा जीव अडकलाय चहात. ही बया देत नाय. सासू पडली तशी हिने चहासुदा तोडला."

सून खाली बघत होती. मोठ्या माणसांचा हात धरणं तिला जमणारं नव्हतं, आणि त्यांची नावं मला सांगणंही.

"चहा हिने नाही, मी बंद केलाय," मी म्हणाले. "पातळ पोटात न जाता फुप्फुसात जातं. मागचा ताप त्यानेच आला."

बाईने बशी खाली ठेवली. "आमाला कोन सांगणार? आमी मायेनं देत होतो."

"मग मायेनेच पेज भरवा. मी दाखवते."

मी दाखवल्यावर बशीवालीने भरवली. पहिला चमचा जरा घाईचा झाला, नंतर जमलं. आजींनी सगळं खाल्लं आणि माझ्याकडे बघून अडखळत म्हणाल्या, "तू परत नको येऊ."

मी मात्र जात राहिले. दर आठवड्याला नाही, जमेल तसं. गावात मी कडक सिस्टर ठरले. कोणी काही द्यायला आलं की सून म्हणायची, "सिस्टर वरडतील." शेजारची ती बाई दुपारचं भरवणं स्वतःच करू लागली. ताप पुन्हा आला नाही.

आता कुणालाही घरी सोडताना मी आधी विचारते, बघायला कोण कोण येतं? त्यातलं एखादं मोठं माणूस वॉर्डात बोलावून घेते. प्रत्येक वेळी येतातच असं नाही.

पुढच्या तपासणीला आजी काठी टेकत स्वतः चालत आल्या. डॉक्टरांनी गिळणं तपासलं, खाण्यापिण्यात थोडी सूट दिली. सून माझ्याशी तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसली. आई हमरापूरला असते. आजी सबंध वेळ भिंतीकडे बघत होत्या. निघताना सुनेने त्यांना सांगितलं, "सिस्टरना सांगा, येतो म्हणून."

माझ्याकडे न बघताच आजी काठी टेकत दाराकडे निघाल्या.