सगळ्यांची एकच नळी

मला उष्ट्याची किळस येते, आणि ती लपवायची गरज मला कधी वाटलेली नाही. जपानात, इचिकावाच्या आमच्या घरात प्रत्येकाचा पेला वेगळा. आमटीची चव घेऊन कुणी तोच चमचा परत पातेल्यात घातला, तर ती आमटी सरळ मोरीत जाते. ऑफिसच्या पार्टीत एका उकळत्या भांड्यात सगळेजण आपापल्या जेवायच्या काड्या बुडवायला लागले, की मी पोट बिघडल्याचं सांगून नुसता भात खाते.

माझ्या एकुलत्या एका मुलाला हे सगळं ठाऊक आहे. तो क्योतोत पीएचडी करतो, आणि त्याची मैत्रीण उरुग्वेची आहे. एका रविवारी त्याचा फोन आला. "आई, तिचे आईबाबा येतायत उरुग्वेहून. लग्न आम्ही ठरवलंय, ते काही विचारत नाहीये. फक्त तुम्ही दोघं नीट भेटा."

"नीट म्हणजे?"

"ते लोक माते पितात. चहासारखं असतं. एकच भांडं, एकच नळी, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. नळी पुसायची नाही, पुसली तर त्यांना फार लागतं. नळी हलवायचीही नाही."

"सगळ्यांना एकच?" मी विचारलं. त्याला फोनवरच कळलं असावं, कारण मग तो जपानीत शिरला. अवघड काही बोलायचं असलं की तो जपानीत शिरतो. जमणार नसेल तर येऊ नका म्हणाला, मी रागावणार नाही. पण तिचा अपमान झाला तर तुम्हाला आमच्या घरी पुन्हा बोलावणं मला जमणार नाही. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मी घाबरले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात काय एवढं? जमेल की."

क्योतोच्या बसस्टॉपवर ते चौघं उभे होते. मुलगी, तिचे आईवडील आणि आमचा लेक. तिच्या वडिलांनी पुढे होऊन माझ्या गालाला गाल लावून मुका घेतला. मग माझ्या नवऱ्याचाही घेतला. त्यांच्याकडे पुरुषही एकमेकांना असेच भेटतात म्हणे. मिशी ओलसर होती. नवऱ्याने वळून रुमालाने गाल खसाखसा पुसला आणि आमच्या लेकाने मान फिरवली.

त्या गृहस्थांच्या डाव्या काखेत थर्मास होता. पिशवीत नाही, हातात नाही, काखेत! सकाळपासून आम्ही सगळे देवळं बघत फिरलो, तेव्हाही तो तिथेच होता, देवळात, बसमध्ये, उन्हात. तिकडे अख्खा देश असाच फिरतो, असं मुलगी कौतुकाने सांगत होती. शर्टावर घामाचा डाग पसरला होता आणि त्या डागाला चिकटून थर्मासचं झाकण. आता ह्यातलं पाणी आपल्या पोटात जाणार, एवढंच मला दिसत होतं.

लेकाच्या खोलीत बुटक्या टेबलाभोवती आम्ही बसलो. वडिलांनी वाळक्या भोपळ्याचं फुलपात्राएवढं भांडं काढलं, त्यात हिरवा चुरा भरला, टोकाला चाळणी असलेली धातूची नळी खोचली आणि वरून पाणी ओतलं. भिजलेल्या मेंदीसारखा लगदा फुगून वर आला. पहिलं भांडं त्यांनी स्वतः प्यायलं, तोंड वेडंवाकडं करत. मग पुन्हा पाणी ओतून मुलीला दिलं. तिने शेवटी नळीतून खुर्र असा आवाज काढला. आवाज आला म्हणजे भांडं रिकामं झालं, परत द्यायचं. मग माझ्या लेकाने तीच नळी तोंडात घेतली, डोळे मिटून. लहानपणी माझ्या ताटातला घास त्याला चालायचा नाही. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले.

पुढची पाळी नवऱ्याची. माझा नवरा पाणी वरून पितो, भांड्याला ओठ न लावता. एक थेंब सांडत नाही याचा त्याला भलता अभिमान. त्याने भांडं हातात घेतलं, सगळ्यांकडे बघून हसला, दोन बोटांनी नळी उपसून टेबलावर ठेवली, मान मागे टाकली आणि भांडं उपडं केलं.

आधी काहीच पडलं नाही. मग सगळा लगदा एकदम आला. नाकात, चष्म्यावर, पांढऱ्या शर्टावर आणि तिथून तातामीच्या चटईवर. तो खोकत, थुंकत बसला. त्या थुंकीचे शिंतोडे मुलीच्या आईच्या गुडघ्यावर उडाले.

कुणी हसलं नाही. मुलीचं तोंड लाल झालं.

"बाबा!" लेक ओरडला.

"पुसू नका म्हणालास," नवरा चष्मा शोधत म्हणाला, "मी कुठे पुसलं?"

मुलीची आई उठली आणि फडक्याने जमीन पुसायला लागली. वडिलांनी भांडं धुवून आणलं, नवा चुरा भरला, नळी खोचली, पाणी ओतलं. ते पुन्हा स्वतः प्यायले. लेक माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "पहिलं सगळ्यात कडू असतं. धूळ असते त्यात. म्हणून देणारा ते स्वतः पितो."

मग भांडं माझ्यासमोर आलं. नळीचं टोक ओलं होतं, त्याला मिशीखालची ऊब होती. मी ओठ लावले. कडू, कोमट, गवताचा वास. घशाशी आलेलं मी दोनदा गिळलं आणि खुर्र आवाज येईपर्यंत ओढत राहिले.

वडिलांनी पाणी ओतलं आणि भांडं मुलीच्या आईला दिलं. तिने माझ्या तोंडातून निघालेली नळी तशीच तोंडात घेतली. बघितलंसुद्धा नाही. बोलता बोलता घेतली.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला नवऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढायच्या. त्याने चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा कडेला असत. त्या बाजूला सारून मी जेवायचे आणि तो समोर बसून पेपर वाचायचा. तेव्हा जी किळस आली ती अजून ओसरलेली नाही. माझा अर्धा लाडू त्याने कधी खाल्ला नाही, आणि माझ्या पेल्यातलं पाणी कुणी प्यायल्याचं मला आठवेना. ही बाई मात्र माझं उष्टं पीत होती आणि मुलीकरवी मला विचारत होती, तुमच्याकडे नवरीला काय नेसवतात.

भांडं पुन्हा फिरत माझ्याकडे आलं. नवरा त्या लोकांना कळू नये म्हणून दात दाखवत हसत मराठीत म्हणाला, "आता नको म्हण. पुरे झाली ही घाण. बाहेर जाऊन आधी चूळ भर."

लेकाला ते कळलंच. तो माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही जा हॉटेलवर, शर्ट बदला," मी म्हटलं. "मी बसते."

नवरा उठेपर्यंत मी नळी तोंडातून काढली नाही.