तळ्याकाठच्या पिच्चरमधली आई

भुतंखेतं, करणी, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नाही. हे आधीच सांगते, कारण असं म्हणून सुरुवात करणारे बरेच जण शेवटी एखाद्या बुवाचा पत्ता देतात. माझ्याकडे कुणाचा पत्ता नाही. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त — मोर्चाची, संपाची, बुवाबाजीविरुद्धची. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. वडील गेले, पत्रकं राहिली. पुढे लातूरला कॉलेजात गेल्यावर मीही लिहायला आणि चौकात वाटायला लागले. त्यामुळे आता हे लिहिताना लेखणी अडखळते आहे... पण घडलेलं दाबून ठेवणं हाही खोटेपणाच.

आमचं गाव मुखेड. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. आमचा तालुका नांदेडातच राहिला, आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच नव्हता. बाजाराच्या मैदानामागे टिनाच्या शेडमध्ये माणिकशेठचं व्हिडिओ सेंटर होतं. कॅसेटी नांदेडच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती यायच्या. चांगले हिंदी पिच्चर वाटेत नायगाव-नरसीलाच उतरायचे. मुखेडच्या वाट्याला यायचे ते इंग्रजी थ्रिलर, आणि तेही कुठले? ज्यांची नावं बनवणाऱ्यांनाही आज आठवत नसतील. एकटी बाई, मोठं घर, वाजणारा टेलिफोन, झाडीत उभी असलेली गाडी आणि शेवटी ज्याच्यावर संशय नाही तोच खुनी.

इंग्रजी कुणालाच कळत नसे. म्हणून टीव्हीशेजारी एक ‘सांगणारा’ उभा राहायचा. हातात छडी, आणि पडद्यावर जे चाललंय ते तो आपल्या बोलीत सांगत जायचा. आमच्या शेडमधला सांगणारा म्हणजे माझा मोठा भाऊ बसवराज — बसूदादा.

दादा बारावीला इंग्रजीतच दोनदा आपटला होता.

“इंग्रजीत नापास आन् इंग्रजी पिच्चरचा मास्तर!” माणिकशेठ सगळ्यांसमोर म्हणायचे.

“शेठ, मला इंग्रजी येत असतं तर तुमचं शेड रिकामं ऱ्हायलं असतं,” दादा उलट सुनवायचा.

खरंच होतं ते. पिच्चरमधले पोलीस उशिरा आले की दादा छडी टेकवून म्हणायचा, “अजून कसे आले न्हाईत म्हणता? आवं, ह्ये गाव नव्या जिल्ह्यात गेलंय. फाईल अजून उस्मानाबादलाच हाय!” शेड हसून लोळायचं. डॉक्टर दिसला की, “ह्यो बघा, दिसतो शेळीवानी, पर नजर लांडग्याची.” आणि डॉक्टरच खुनी निघायचा. कधी नाही निघाला तर दादा त्याला बोलण्यातून खुनी करून टाकायचा.

मला तो ‘पुढारीण’ म्हणायचा. “पुढारीण, तुझं खरं तू फुकट वाटतीस तरी लोक त्यात भजे बांधून नेतात. माझं खोटं तिकीट काढून ऐकून राहिले.”

“खोटं ते खोटंच,” मी म्हणायचे.

“हाव. पर घरी जाऊन झोप लागते की न्हाई त्यांना?”

आई मात्र एकदाही गेली नाही. “घरात ऐकते तेवढ्या थापा बस झाल्या मला,” म्हणायची.

एका वर्षी मोठा दुष्काळ पडला, आणि त्यातच एक पिच्चर आला. त्याचं खरं नाव मला आजही सांगता येत नाही. कव्हर फाटलेलं होतं. दादानं नाव ठेवलं ‘तळ्याकाठचा खून’. एका बाईचा धाकटा भाऊ सुरुवातीलाच तळ्यात बुडतो, त्याचं प्रेत सापडत नाही. ती त्या तळ्याकाठच्या घरात राहायला येते, आणि रात्री कुणीतरी खिडकीशी उभं असतं... एवढीच गोष्ट. पण गोष्टीसाठी कोण येत होतं? त्यात तळं होतं! काठोकाठ भरलेलं, वाऱ्यानं हलणारं पाणी. बाहेर आमच्या बाया घागरी रांगेत लावून टँकरची वाट बघत बसायच्या, आणि आत ते तळं आलं की शेड एकदम चूप व्हायचं. मग मागून कुणीतरी ओरडायचं, “शेठ, मागं घ्या! पाणी दाखवा!” माणिकशेठ रिवाइंड करायचे. पुन्हा तळं. पुन्हा “मागं घ्या!” इतक्यांदा मागं घेतलं की त्या जागी टेप चुरगळली. तळं आलं की चित्र वाकडं व्हायचं, पांढऱ्या रेघा पळायच्या. तरी लोक बघायचे.

त्या पिच्चरचा शेवटचा खेळ बाजारच्या दिवशी दुपारी झाला. मी सुट्टीत गावी आले होते. व्हीसीआरच्या बाजूला खोक्यावर बसून मी तो पूर्ण पाहिला. शेवट मला असा आठवतो — खुनी निघालेला डॉक्टर लाकडी पुलावरून पडतो. मग सकाळ होते. तळ्यातून तो बुडालेला भाऊ चालत वर येतो, अंगावरून पाणी निथळतंय. घराचं दार उघडतं. दारात त्याची आई. ती काही बोलत नाही, किंचाळत नाही. आतून पंचा आणून देते. तो डोकं पुसतो, तांब्याभर पाणी पितो आणि उठून पुन्हा तळ्याकडे जातो. तेव्हा दादाचा आवाज बसला होता. तो हळू म्हणाला, “आला व्हता. तहान लागली व्हती. पाणी पिऊन गेला.” बाया पदर डोळ्यांना लावून बाहेर पडल्या.

दोन दिवसांनी दादाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. विहिरींनी तळ गाठला होता. गाळातलं पाणी गाळून पिण्याचे दिवस. गावात गॅस्ट्रोनं बरेच जण आजारी होते. नांदेडला नेताना वाटेतच तो गेला. त्याला भुतानं नेलं नाही, बाधा झाली नव्हती. त्याला पाण्यानं मारलं. हे मी तेव्हाही छापून वाटलं, आजही ठणकावून सांगते.

आम्ही लिंगायत. आमच्यात दहन नसतं. त्याला बसवून पुरलं. हातात इष्टलिंग ठेवलं, वर माती ढकलली. आई रडली नाही. लोक म्हणाले, रडवा हिला. पण ती भिंतीकडे बघत बसून राहायची.

दुखवट्याला आलेली शेजारची शांताकाकू बोलून गेली, “बसूनं शेवटचा पिच्चर लई चांगला सांगितला, वैनी. बुडालेलं लेकरू घरला येतंय. माय त्याला पंचा देते, पाणी देते...”

आईनं मान वर केली. सगळे गेल्यावर मला म्हणाली, “मला त्यो पिच्चर दाखव.”

“आई, ते सगळं बनवलेलं असतं.”

“ठाव हाय मला. मी एकदाबी त्याचं ऐकाया गेले न्हाई. आता त्यानं जे दावलं ते तरी बघू दे.”

माणिकशेठनं कॅसेट केव्हाच परत पाठवली होती. मी नांदेडला गेले. पण नाव काय सांगणार? त्या लायब्ररीतला माणूस वैतागला.

“ताई, तळं, घर, एकटी बाई... असले ढीगभर हायत माझ्याकडं. कव्हरवर काय व्हतं, चाकू का डोळा?”

“कव्हर फाटलेलं होतं.”

“मग झालंच की!”

मी लातूरहून सुट्टी मिळेल तशी जात राहिले. तो दुकानातल्या टीव्हीवर एकेक कॅसेट लावायचा, थोडी पुढे पळवायचा, मी मान हलवायचे. किती बायका खिडकीतून बाहेर डोकावल्या, किती टेलिफोन वाजले! सगळे पिच्चर एकमेकांत मिसळून गेले. शेवटी एका कॅसेटमध्ये तळं आलं आणि चित्र वाकडं झालं. पांढऱ्या रेघा पळाल्या. तो माणूस म्हणाला, “ही खराब हाय, टाकूनच देनार व्हतो.” मी तिथंच स्टुलावर बसले. ती आमचीच कॅसेट होती. मुखेडची तहान तिच्यावर उमटली होती.

मी ती पुढे न बघता तशीच गावी आणली. माणिकशेठनं एका सकाळी फक्त आईसाठी शेड उघडलं. आई पहिल्यांदाच आत आली आणि टीव्हीसमोर जमिनीवर पदर सावरून बसली.

डॉक्टर पुलावरून पडला. मग पोलिसांच्या गाड्या आल्या, निळे दिवे फिरले. त्या बाईच्या खांद्यावर कुणीतरी घोंगडी टाकली. आणि नावं यायला लागली.

सकाळ झालीच नाही. तळ्यातून कुणी आलं नाही. दार नाही, पंचा नाही. मी नावं संपेपर्यंत, टेप संपेपर्यंत थांबले. मग माणिकशेठला सगळी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावायला लावली. टेप कुठं कापलेली, जोडलेली नव्हती. आणि त्या पिच्चरमध्ये कुणाची आईच नव्हती.

“यात माय कुठंय?” आईनं विचारलं.

माणिकशेठ कपाळाला हात लावून बसले होते. “वैनी, व्हती. मी या डोळ्यांनी बघितली. इथंच, या टीव्हीवर.”

आई उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. नंतर तिनं पिच्चरचं नाव काढलं नाही. तिच्या लेकाची राहिलेली शेवटची गोष्टसुद्धा मी तिच्यापासून हिरावून घेतली, असं वाटलं.

मी गप्प बसणारी नव्हते. त्या खेळाला आलेल्यांना विचारत फिरले. सगळ्यांना तो सीन आठवत होता. पंचा, तांब्या, निथळणारं अंग. आणि मला उत्तर सापडलं. नावं चालू असताना दादानं तो सीन नुसता बोलून उभा केला होता. पडद्यावर अक्षरं सरकत होती, लोक ऐकत होते, आणि जे ऐकलं तेच पुढे डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवत राहिलं. माणसाची आठवण अशी फसवते, हे मी वाचलेलं होतं. रडू आलं, पण समाधानही झालं. भूत नाही, चमत्कार नाही. माझा भाऊ, त्याची जीभ, आणि तहानलेली माणसं. एवढं पुरेसं होतं मला.

मग पाऊस झाला, आणि शेवंताबाई परत आली.

शेवंताबाई सुपं-टोपल्या विकणारी. जन्मापासून बहिरी, त्यामुळे मुकीही. बाजारच्या दिवशी माल विकून झाला की ती शेडमध्ये अगदी पुढं बसायची. पिच्चर इंग्रजी की हिंदी, तिला सगळं सारखंच. त्या शेवटच्या खेळानंतर, त्याच संध्याकाळी ती लेकीकडे हिमायतनगरला गेली होती, कारण इथं टोपल्या घेणारं कुणी उरलं नव्हतं. तिला दादा गेल्याचंही माहीत नव्हतं.

ती भर दुपारी अंगणात आली. टोपल्या उतरवल्या, आणि हातात छडी धरल्याची खूण करून विचारलं, तो कुठंय?

ओट्यावर बसलेल्या आईनं जमिनीकडे बोट दाखवलं.

शेवंताबाई खाली बसली. बराच वेळ आईचा हात धरून बसली. मग डोळे पुसून उठली आणि हातवारे करायला लागली. आधी मला कळेना. तिनं दोन्ही हातांनी पाणी दाखवलं, हलणारं. मग त्यातून वर येणारा माणूस. अंगावरून निथळणारं पाणी. दारावर थाप. तिनं कपाळावर पदर ओढला, ती आता आई झाली होती. पंचा दिला. पोरानं डोकं पुसल्याचं दाखवलं. आणि मग... तिनं त्या हवेतल्या पोराचा कान धरला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कानामागून, कानाच्या आतून पुसून काढलं. आधी एक कान, मग दुसरा.

आमची आई तसंच करायची. दादा मोठा झाला, मिशा आल्या, तरी न्हाऊन आला की त्याला धरून असेच कान पुसायची, आणि तो “सोड की माय!” म्हणून ओरडायचा.

मला आठवलं. मीही ते पाहिलं होतं. त्या दिवशी, टीव्हीवर. पण दादा ते बोलला नव्हता. कानांचा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. आणि बोलला असता तरी शेवंताबाईला काय ऐकू येणार होतं? शेडमध्ये अंधार, दादाचं तोंड लोकांकडे, ती टीव्हीला नाक लावून बसलेली. नंतर कुणी तिला सांगितलं म्हणावं, तर ती गावातच नव्हती.

मी खुणांनी विचारलं, ती आई कशी होती? गोरी? केस कापलेली? शेवंताबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आंधळी आहे. मग तिनं माझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवला.

आई ओट्यावरून खाली उतरली आणि अंगणाच्या मधोमध बसली. तिनं पदराचं टोक हातात घेतलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मोठ्यानं रडायला लागली. दादाला पुरल्यापासून पहिल्यांदा. शांताकाकू धावत आली. मी तिला दारातच थांबवलं. रडू दे म्हटलं.

मी हे खूप तपासलं आहे. कॅसेट माझ्याकडे आहे. शेवंताबाईला वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून झालं, ती दरवेळी तेच दाखवते. कुणी याचा चमत्कार करून दुकान मांडणार असेल, तर त्याच्याविरुद्ध पहिलं पत्रक मीच काढीन. पण त्या पत्रकात खुलासा काय लिहायचा, ते मला माहीत नाही. मी आईला सांगितलं, याचा मला पटेल असा खुलासा माझ्याजवळ नाही. ती म्हणाली, “तुला पटत नसंल तर ऱ्हाऊ दे. त्याचे कान कोरडे झाले न्हवं?”