खापरपणजोबांचा टेकू

मिस्त्रीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्लॅबखाली टेकू लावले. फळ्या ठोकायच्या, खाली बल्ल्या उभ्या करायच्या, वर काँक्रीट ओतून होईपर्यंत जीव मुठीत धरायचा, आणि ते घट्ट झालं की सगळं उतरवून पुढच्या इमारतीवर जायचं. सेंट्रिंगचं काम नीट झालं तर त्यातलं काहीच मागे उरत नाही. त्यामुळे इमारतीच्या उद्घाटनाला सेंट्रिंगवाल्याला कुणी बोलावत नाही. मिस्त्रीची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती टेकू वेळेआधी काढणाऱ्यांबद्दल, आणि त्यातही एका माणसाबद्दल. तो म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ.

दादा गवंडी. मागच्याच गल्लीत राहायचा. त्याने स्वतःचं घर बांधलं तेव्हा सेंट्रिंग अर्थातच मिस्त्रीचं होतं. पण दादाला राहायला जायची घाई. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेलेला असताना त्याने टेकू काढून टाकले, आणि दिवाणखान्याच्या छताने मधोमध पोट सोडलं. बोटभर. मिस्त्रीने ते पाहिलं आणि घर बघायला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं, "हा स्लॅब एक दिवस डोक्यात पडणार. मी ह्याच्याखाली बसणार नाही." दादाने त्याला दार दाखवलं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघेही विजेच्या खांबाकडे बघत पुढे जात.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मिस्त्री घरी बसला. लेकीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि वंशावळींच्या एका साइटवर त्याचं नाव नोंदवलं. तिथे जो तो आपल्या घराण्याचं झाड मांडतो, दुसऱ्याच्या झाडात डोकावतो, आणि नातं लागतं का ते पत्र पाठवून विचारतो. साइट हा शब्द मिस्त्रीला परका नव्हता. तो सकाळी आठला कामावर बसायचा, दुपारी जेवायला उठायचा, पाचला लॅपटॉप मिटून हात धुवायचा. हात कशाला धुता, असं बायकोने एकदा विचारलं. काम झालं की हात धुवायचे असतात, असं उत्तर मिळालं. तिने पुन्हा विचारलं नाही.

साइटवरचे इतर संशोधक पाहून मात्र तो चक्रावला. कुणी सकाळी दुसऱ्याचं झाड उचलायचा आणि दुपारी आपल्या नावावर लावायचा. ना खणणं, ना मोजमाप. प्रत्येकाच्या पूर्वजांत सरदार, वैद्य, नाहीतर दानशूर. हमाल, न्हावी, कामचुकार असा एकही पूर्वज कुणाला नव्हता. इतकी वर्षं मग विटा कोणी वाहिल्या, असं मिस्त्री बायकोला विचारायचा.

या कामाला मुदतही होती. थोरल्या ताईचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यातून उठल्यावर तिने फर्मान काढलं होतं. सगळ्या गोतावळ्याला ती एका रविवारी जेवायला बोलावणार होती. भिंतीवर घराण्याचं झाड लागलं पाहिजे, आणि त्या झाडाखाली तुम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहिलेले मला बघायचेत. मी आणखी किती जेवणं घालणार आहे, असंही ती म्हणाली. मिस्त्रीने फर्मानाचा पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्याच्या वेळी त्याला खोकला आला.

झाड विटांची गाडी ओढणाऱ्या पणजोबांपर्यंत पोचलं आणि अडलं. त्याच्या वर कोरी भिंत. शोधता शोधता एका दातांच्या डॉक्टरांचं झाड सापडलं. त्यात आडनाव तेच, गाव तेच, आणि टोकाला नदीवर पूल बांधणारा एक मोठा कारागीर. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. पूल बांधणारा पूर्वज आणि खाली सेंट्रिंगवाला नातू, याहून शोभेल असं काय असणार? अडचण एकच. मधे एक माणूस कमी पडत होता.

त्याची जागा धरून ठेवावी म्हणून मिस्त्रीने दोन्ही झाडांच्या मधे एक चौकट टाकली. तात्पुरती. वरचं आणि खालचं जुळतंय का तेवढं पाहायचं आणि काढून टाकायची. पण साइट रिकामी चौकट घेईना. नाव हवं, धंदा हवा, ओळखीची खूण हवी. मिस्त्रीच्या हाताखाली पूर्वी एक बिगारी होता. टेकूला धरून उभा केला की जागचा हलायचा नाही, म्हणून सगळे त्याला खुंटा म्हणत. टेकूच्या जागी मिस्त्रीला दुसरं कोण आठवणार? त्याने नाव लिहिलं खुंटाजी. धंदा लिहिला आधार देणे. खूण लिहिली उजवा अंगठा तोकडा, कारण खऱ्या खुंट्याच्या अंगठ्याचं पेर फळीखाली गेलं होतं. झाड लगेच जुळलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायचं होतं. तो गेला, आणि टेकू राहिला.

डोळे बरे होऊन तो कामावर परतला तेव्हा खुंटाजींची भरभराट झाली होती. निम्म्या साइटने त्यांना आपापल्या झाडात नेऊन लावलं होतं. डॉक्टरांनी त्यांना दाढी असलेलं चित्र दिलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी अंगठा लढाईत गेल्याचं ठरवून त्यावर लांबलचक टिपण लिहिलं होतं. परदेशात राहणाऱ्या एका बाईंनी, आधार देणे याचा अर्थ निराश्रितांना थारा देणे, असा लावून त्यांची धर्मशाळा काढली होती आणि जोडीला दुसरी बायकोही दिली होती.

मिस्त्रीने तिघांनाही नम्रपणे पत्र लिहून विचारलं की ही माहिती कुठून मिळाली. डॉक्टरांनी प्राध्यापकांचं नाव सांगितलं. प्राध्यापकांनी, हल्ली लोक वाचन करत नाहीत अशी खंत व्यक्त करून, परदेशातल्या बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी लिहिलं की त्यांचा मूळ आधार म्हणजे मिस्त्री नावाच्या एका जुन्याजाणत्या संशोधकाचं झाड.

मिस्त्रीने ते पुन्हा वाचलं. लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण आजवर त्याला कुणी जुनाजाणता म्हटलं नव्हतं. बिल्डरने ए मिस्त्री म्हटलं होतं, आर्किटेक्टने तेही म्हटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याचा विचार असा झाला की इतकी शिकलेली माणसं म्हणतायत म्हणजे आपला अंदाज बरोबरच असणार. काही माणसांचा हात बसलेला असतो. बायकोने खुंटाजी हे नाव ऐकलं आणि ती म्हणाली की खुंटा तर कालच मंडईत भेटला, तुमची चौकशी करत होता. मिस्त्री म्हणाला, घराण्यात नावं पुन्हा पुन्हा येतात. तो आपल्या घराण्यातला कुठे आहे, असं ती म्हणाली, तेवढ्यात पाच वाजले आणि तो हात धुवायला गेला.

मग एक पत्र आलं. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव ‘नातेवाईक’ असं ठेवलं होतं. मजकूर एवढाच: खुंटाजी नावाचा माणूस तुमच्या घराण्यात झालेला नाही. काढा.

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण या विषयात किती काम केलं आहे, असं त्याने खोचकपणे विचारलं. उत्तर आलं, काम नाही केलं म्हणूनच खोटंही लिहिलं नाही. मिस्त्रीने पानभर सुनावलं. नातेवाइकाने एका ओळीत परत केलं. आठवडाभर हेच चाललं. मिस्त्री सकाळी आठच्या आधीच लॅपटॉप उघडू लागला. साइटवर अक्कल असलेला हा एकच माणूस भेटला, असं तो बायकोला सांगायचा. आडमुठा आहे, पण शब्द वाया घालवत नाही. तुमच्यासारखाच आहे म्हणायचा कुणीतरी, असं म्हणून बायको भाजी निवडत राहायची. ती मागच्या गल्लीत जावेकडे अधूनमधून जात असे, हे मिस्त्रीला माहीत होतं. त्या वेळीही तो विजेच्या खांबाकडेच बघत असे.

ताईचा रविवार दोन दिवसांवर आला. झाड छापायला टाकायचं होतं. मिस्त्रीने नातेवाइकाला शेवटचं बजावलं की पुरावा असेल तर द्या, नाहीतर हे झाड पुलासकट भिंतीवर लागणार.

पुरावा आला. "तुझ्या खापरपणजोबाचा अंगठा माझ्या डोळ्यांदेखत गेला. दवाखान्यात मी नेला त्याला. तू फळी धरून ओरडत होतास, आधी स्लॅब सांभाळा. मी टेकू लवकर काढला म्हणून तू चारचौघांत माझी अब्रू काढलीस. तुझा अजून निघत नाही."

मिस्त्री लॅपटॉपसमोर बसून राहिला. जेवायची वेळ झाली, टळली. चौकट काढली तर पूल जाणार, डॉक्टर जाणार, जुनाजाणता जाणार. उरणार कोण? पणजोबा, त्यांची विटांची गाडी, आणि खाली घाम गाळणारी सगळी मंडळी. चौकट ठेवली तर त्या झाडाखाली ताईला एकच भाऊ मिळणार. दुसरा कुठल्या खोटेपणाखाली उभा राहायचा नाही, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतःही उभा राहिला नव्हताच की पोट सोडलेल्या स्लॅबखाली.

त्याने चौकट काढली. वरचं सगळं झाड क्षणात उडालं. सेंट्रिंग उतरवताना धूळ तरी उडते. इथे तेही नाही.

मग वहाणा घालून तो मागच्या गल्लीत गेला आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून दादाचा आवाज.

"नातेवाईक," मिस्त्री म्हणाला.

दार उघडलं. दादा म्हातारा झाला होता, हे रस्त्यात खांबाकडे बघताना कधी लक्षात आलं नव्हतं.

"काढलास टेकू?"

"काढला."

"उशीर केलास."

"तू घाई केली होतीस."

दादा बाजूला झाला. मिस्त्री आत आला आणि सवयीने त्याची मान वर गेली. छताचं पोट होतं तसंच होतं. बोटभर. एक तडा नाही. खाली खुर्ची ठेवलेली होती, बरोबर पोटाखाली, आणि ती बसून बसून झिजली होती.

"बघून घे," दादा म्हणाला. "पडलेला नाही."

"अजून वेळ आहे," मिस्त्री म्हणाला, आणि त्याच खुर्चीवर बसला.

वहिनीने चहा ठेवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मिस्त्रीने पणजोबांच्या वडिलांचा विषय काढला. दादाने सहज नाव सांगितलं. बाबांनी त्याला लहानपणी सांगितलं होतं. वीटभट्टीवर होता, म्हणे, आणि आळशी. जगभर पत्रं पाठवण्याआधी मागच्या गल्लीत का विचारलं नाहीस, असं दादाने विचारलं नाही. मिस्त्रीनेही सांगितलं नाही.

रविवारी ताईच्या भिंतीवर छोटंसं झाड लागलं. टोकाला एक आळशी माणूस. खाली दोघे भाऊ उभे राहिले आणि झाड कुठल्या बाजूला कललंय यावर भांडले. ताईने पोटभर जेवून घेतलं. खुंट्यालाही बोलावलं होतं. दादाचंच म्हणणं पडलं की निम्म्या जगाच्या पूर्वजाला वगळून कसं चालेल. तो एका कोपऱ्यात उभा राहिला तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

सोमवारी आठला मिस्त्रीने लॅपटॉप उघडला. प्राध्यापकांनी कडक शब्दांत लिहिलं होतं की एका वीर पूर्वजाला झाडातून वगळणं ही संशोधनातला अक्षम्य निष्काळजीपणा आहे. त्याच्या खाली साइटची सूचना होती: तुमच्या झाडात एक पूर्वज कमी दिसतो. अनेक जाणकारांच्या मते ते खुंटाजी असावेत. जोडायचे का?

मिस्त्रीने नाही म्हटलं. साइटने पुन्हा विचारलं.