उभी न राहणारी फटफटी

पेट्रोल रेशनवर आल्यापासून बंडू वकिलाची फटफटी त्याच्या पडवीत पोतं पांघरून उभी आहे. गाडी थांबली, पण तिचे किस्से थांबले नाहीत. उलट पूर्वी महिन्याला एखादा व्हायचा, तो आता आठवड्याला दोन होतो! भोरात चार जण पानाच्या तबकाभोवती बसले की कोणी तरी म्हणतो, "मास्तर, ते वेल्ह्याचं सांगा." मी वेल्ह्याचं सांगायला घेतो आणि सांगता सांगता आणखी दोन आठवतात. कुठला किस्सा कुठे संपला आणि आम्ही तो कुठून वाढवला, हे आता आम्हा दोघांनाही सांगता यायचं नाही. बंडू म्हणतो, सगळे खरे आहेत. बंडू वकील आहे, हे लक्षात ठेवा.

ही फटफटी गेल्या लढाईतली. लष्करानं मोडीत काढली आणि बंडूनं पुण्यात लिलावात घेतली. सोबत साइडकार, म्हणजे बाजूला जोडलेली एका चाकाची डोली. गाडीला खोड एकच. सकाळी गार असताना ती एका किकमध्ये चालू होई, पण एकदा तापली आणि बंद केली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही केल्या चालू होत नसे. बरं, चालू ठेवून एका जागी उभी करावी, तर पाच मिनिटांत घुसमटून आपणहून गप्प! म्हणून सकाळी निघालं की मुक्काम येईपर्यंत तिला फिरती ठेवायची, एवढाच उपाय होता. पेट्रोलसुद्धा मी नरसाळ्यानं चालू इंजिनावर ओतलेलं आहे. ते आठवलं की आता अंगावर काटा येतो, तेव्हा हसू यायचं.

*

वेल्ह्याच्या कचेरीत बंडूचं काम होतं. बांधाचा तंटा, युक्तिवाद फार तर अर्ध्या तासाचा. तेवढ्यासाठी गाडी बंद करून मुक्काम कोण करणार? त्यानं मला सीटवर बसवलं आणि कचेरीभोवती फेऱ्या मारत राहायला सांगितलं.

मला तोवर गाडी अर्धीच येत होती. डावीकडे वळता यायचं, उजवीकडे नाही. कचेरी चौकोनी होती, त्यामुळे माझं भागत होतं. पण बाजाराला आलेली माणसं गोळा झाली आणि मास्तर उलटी प्रदक्षिणा का घालतायत, याची चर्चा सुरू झाली. एका म्हातारबांनी तर मला हातानं खुणा करून योग्य दिशा दाखवली.

आत बंडू "साहेब, माझं म्हणणं असं" म्हणायचा आणि नेमकी तेव्हा माझी फेरी खिडकीखाली यायची. तो थांबायचा. आवाज लांब गेला की पुन्हा "साहेब, माझं म्हणणं असं." अशिलाचं म्हणणं काही त्या वाक्याच्या पुढे सरकेना. शेवटी मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली आणि पुढची तारीख दिली. बंडूनं कारण विचारलं.

ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं मला ऐकायचं आहे, वकीलसाहेब. पुढच्या वेळी बैलगाडीनं या."

*

आबांची ओळख झाली हिर्डोशीच्या चढावर. आबा म्हणजे तिथले शेतकरी, साठी उलटलेले, अंगानं काटक आणि डोक्याला भलंमोठं पागोटं. आम्ही वरंध्याच्या घाटाकडे निघालो होतो आणि चढ लागल्यावर फटफटी माणसाच्या चालीनं चालायला लागली. शेजारून आबा पायी चालले होते.

थोडा वेळ ते आमच्या बरोबरीनं चालले. गाव विचारलं, नाव विचारलं, कोणाचे कोण ते विचारलं. सगळी चौकशी संपली तरी चढ संपेना. मग त्यांनाच आमच्या चालीचा कंटाळा आला असावा.

"तुमी या सावकाश," ते म्हणाले. "म्या पुढं हुतो आन् भाकरी टाकाय सांगतो."

आम्ही पोचलो तेव्हा भाकरी होऊन गार झाली होती.

गाडी बंद केली म्हणजे मुक्काम तिथेच. जेवताना आबांनी आपल्या मनातलं काढलं. त्यांची एकुलती लेक सगुणा. जावई गोव्यात, पोर्तुगिजांच्या हद्दीत, एका सुपारीच्या बागेत राखणीला होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत बापलेकीची गाठ नव्हती. बंद मोटारीत बसलं की आबांना उलट्या होत. एकदा पुण्याला म्हणून निघाले ते कापूरहोळलाच उतरून चालत माघारी आले होते. आमची उघडी फटफटी पाहिली आणि त्यांच्या मनानं उचल खाल्ली.

ही गोव्याला जाते का, असं त्यांनी विचारलं. बंडू ऐटीत म्हणाला, ही बसऱ्याला जाऊन आली आहे.

"मंग न्या मला," आबा म्हणाले. "लेक निस्ती डोळ्यांनी बघायची आन् माघारी फिरायचं. गाडीवरनं उतरायचं बी न्हाई."

उतरायचं का नाही? तर लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. सगुणाच्या पोटी अजून काही नव्हतं. एकदा उतरलं की लेक तांब्या घेऊन येणार आणि आपल्याला नाही म्हणावं लागणार. त्यापेक्षा उतरूच नये!

चारशे-पाचशे मैल जाऊन येऊन करायचं आणि लेकीच्या अंगणात पाय टाकायचा नाही, हे ऐकून मला हसू फुटलं होतं. आबांचा चेहरा पाहिला आणि मी खाली मान घालून भाकरी मोडली.

*

शिमगा झाल्यावर निघालो. पुढे बंडू, मागे मी, आणि साइडकारमध्ये मांडी घालून आबा. त्यांच्या मांडीवर लेकीसाठी आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं.

तेव्हा दक्षिणेकडे जायचं म्हणजे हद्दीच हद्दी. आमचं भोर संस्थान संपलं की खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, मग कुठलं तरी संस्थान, पुन्हा खालसा, पुन्हा दुसरं संस्थान. बंडू सांगतो की दात एका राजाच्या राज्यात घासले आणि चूळ दुसऱ्याच्या राज्यात भरली. इतकं काही नव्हतं. पण नाके पुष्कळ होते, प्रत्येक नाक्यावर थांबायला सांगत, आणि आम्हाला तर थांबायची सोयच नव्हती.

एका नाक्यावरचा कारकून फार समजूतदार निघाला. आमची अडचण ऐकून त्यानं वही काखेत मारली आणि शेजारून धावायला लागला. नाव विचारलं, चार पावलं धावत लिहून घेतलं. वडिलांचं नाव, धंदा, कुठून आलात, सगळं धावत. कुठे जाणार हे विचारायच्या आत हद्दीचा दगड आला आणि तो जागच्या जागी थांबला. उरलेलं येताना सांगा, असं त्यानं मागून ओरडून सांगितलं.

येताना तो खरोखरच धोतराचा काचा मारून तयारीत उभा होता.

*

साताऱ्याच्या पुढे एक गंमत लक्षात आली. वाटेत भेटेल त्या माणसाला आबा साइडकारमधून हात वर करून रामराम घालत. ओळखीचा असो नसो, गुराखी असो नाहीतर शिपाई असो. आपण बसून जातोय आणि समोरचा चालतोय, तर निदान रामराम तरी घालावा, असं त्यांचं म्हणणं.

परिणाम असा झाला की लोक आबांनाच मालक समजायला लागले! एवढं मोठं पागोटं, मांडी घालून बसलेला रुबाबदार म्हातारा आणि त्याची गाडी हाकायला साहेबी टोपी घातलेला नोकर. मी मागे बसलेला, म्हणजे नोकराचा नोकर. एका संस्थानच्या नाक्यावर तर पहारेकऱ्यानं टाचा जुळवून आबांना मुजरा केला आणि अडसर आपणहून वर उचलला. आबांनी जाता जाता त्याला पीकपाणी विचारलं. तो वाकून म्हणाला, "सरकारच्या कृपेनं बरं आहे."

बंडूचा नुसता जळफळाट! पुढे मैलभर तो आपली टोपी पुन्हा पुन्हा कपाळावर ओढत राहिला. शेवटी आबांनाच वाईट वाटलं.

"वकीलसाहेब, ती टोपी काढून ठिवा," ते म्हणाले. "लोक बावरत्यात."

*

दुसरा मुक्काम आंबोलीला पडला. सकाळी घाट उतरायचा होता आणि तीन माणसांच्या ओझ्याला आमचा ब्रेक पुरा पडेल, याची बंडूलाही खात्री नव्हती. त्याला तशी खात्री नसणं हे पहिल्यांदाच घडत होतं. तो घाटाकडे बघत विड्या ओढत बसला.

आबा रानात गेले आणि एक भलीमोठी फांदी पानांसकट ओढत घेऊन आले. घाट उतरताना बैलगाडीला मागं लाकूड बांधतात, तशी त्यांनी ती फटफटीला मागून बांधली. बंडूनं यंत्र आणि बैलगाडी यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात आबा साइडकारमध्ये जाऊन बसलेसुद्धा.

फांदी मागं, धुरळा त्याच्या मागं, असे आम्ही सगळा घाट सुखरूप उतरलो. खाली सडकेचा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. आता हा दंड करणार, असं मला वाटलं. त्यानं एकवार आमच्याकडे पाहिलं, एकवार लख्ख झाडल्या गेलेल्या सडकेकडे पाहिलं आणि उद्या किती वाजता येणार ते विचारलं.

*

तिसऱ्या दिवशी सावंतवाडी सोडली आणि आबांचं बोलणं बंद झालं. रामरामही बंद. एकदा फक्त मान वर करून मला विचारलं की सहा वर्षांत आपला चेहरा फार बदलला असेल का. मी म्हटलं, पागोटं तेच आहे ना. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

गोव्याच्या हद्दीवर आडवा बांबू होता आणि त्याच्या अलीकडे पोर्तुगीज सरकारचा एक काळासावळा शिपाई. त्याला मराठी बेताची, इंग्रजी अजिबात नाही, आणि बंडूनं तर खास या प्रसंगासाठी इंग्रजीत भाषण तयार केलेलं! गाडी घुसमटू नये म्हणून तो शिपायाभोवती गोल गोल फिरवत भाषण करत होता. शिपाई जागच्या जागी फिरत ते ऐकत होता. किती दिवस राहणार, एवढंच त्याला हवं होतं. राहणार नाही, बघून लगेच परतणार, हे काही त्याच्या गळी उतरेना. इतक्या लांबून येऊन लगेच परत जाणारी माणसं त्याला भलतीच संशयास्पद वाटली. आता गाठोडं सोडा म्हणणार, असा रंग दिसायला लागला.

इतका वेळ गप्प असलेले आबा बोलले. "लेक हाय माजी पल्याड."

शिपायानं फिरायचं थांबवलं. "धूव?"

"व्हय. सा वर्सं बगितली न्हाई."

शिपाई गेला आणि त्यानं बांबू वर केला. गाठोड्यात काय आहे, ते त्यानं विचारलंच नाही.

*

बाग चार-पाच मैलांवर होती. सुपारीच्या झाडांतून चिंचोळी वाट आणि तिच्या शेवटी सारवलेलं अंगण, एवढंसं. तिथे गाडी फिरवत ठेवायला जागाच नव्हती. बंडूनं ती चालूच उभी केली आणि खिशातून घड्याळ काढलं. म्हणजे आबांना मिळाली पाच मिनिटं.

आवाज ऐकून सगुणा बाहेर आली. बापाला पाहून ती धावत आली खरी, पण साइडकारच्या काठाशी आल्यावर काय करावं ते तिला कळेना. तिनं गाडीतच वाकून आबांचे पाय शोधले. मांडी घातलेली असल्यानं ते सापडेनात. आबा हसायला लागले, ती हसायला लागली, आणि दोघांचे डोळे भरून आले.

मग बोलणं सुरू झालं. फटफटीच्या आवाजात बापलेक एकमेकांशी ओरडून बोलत होते, आणि ओरडून काय विचारायचं, तर म्हैस व्याली का आणि मागल्या पावसात वळचण गळली का! दोन मिनिटं अशीच गेली. बंडूनं घड्याळ माझ्यासमोर धरलं. मी दुसरीकडे बघायला लागलो.

सगुणा आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. ती तांब्या तसाच धरून उभी राहिली.

मग तिनं बंडूला विचारलं, ही बंद का करत नाही. बंडूनं सांगितलं, बंद केली तर सकाळपर्यंत चालू व्हायची नाही.

"सकाळपतूर?"

"हो. काही केल्या नाही."

सगुणानं मान हलवली. "आबा, तुमी नका पिऊ," ती म्हणाली. "हिलाच पाजते." आणि तिनं तांब्या इंजिनावर पालथा केला.

केवढी वाफ उठली! फटफटीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. सकाळपासून पहिल्यांदाच आम्हाला पाखरांचा आवाज ऐकू आला. आबांनी बंडूकडे पाहिलं, बंडूनं माझ्याकडे पाहिलं, आणि हातातलं घड्याळ खिशात ठेवून दिलं.

आबांनी आधी गाठोडं खाली ठेवलं. मग आखडलेला एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. लंगडत अंगण ओलांडून ते पायरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले,

"सगुणा, दुसरा तांब्या आन."